साखळीच्या वाक्याचा कर्ता

"बंदराची साखळी न उतरवण्याचा निर्णय सर्वस्वी मंत्रिमंडळाचा होता, महाराजांनी त्यास केवळ खेदपूर्वक संमती दिली."

हे वाक्य कुंभेरगडच्या हिंदुरावराजांनी जिनिव्हा सरोवराकाठच्या एका हॉटेलात, उकडलेल्या अंड्यावर मीठ भुरभुरत, मोठ्याने वाचलं आणि पत्रक टेबलावर ठेवलं.

"संपलं की, बाई," ते म्हणाले. "दाल्वेराच्या राजगृहाचं अधिकृत निवेदन आहे. खाली मोहोर आहे. आता यात तुम्हाला आणखी काय खुपतंय?"

"फार नाही, राजेसाहेब. 'मंत्रिमंडळ', 'केवळ', 'खेदपूर्वक' आणि 'संमती'."

"मग राहिलं काय?"

"साखळी राहिली. ती खरी होती."

राजेसाहेबांनी चमचा खाली ठेवला. वाद आवडणारा माणूस. फक्त तो पोटभर खाल्ल्यावर व्हावा, एवढीच अपेक्षा. मी त्यांना खाऊ दिलं आणि मग म्हणाले, "ज्या संध्याकाळी हे मंत्रिमंडळ बसलं म्हणतात, त्या संध्याकाळी दोन मंत्री परदेशात होते. एक इस्पितळात होता. चौथा नाट्यगृहात पहिल्या रांगेत बसला होता; दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात त्याचा फोटो आहे, टाळ्या वाजवताना. उरले पंतप्रधान मारेत्तिच. एकाच माणसाच्या मंत्रिमंडळाला मराठीत काय म्हणायचं ते आपण सांगा."

"बरं. आणि संमती?"

"संमती द्यायला आधी कोणाला तरी ठरवण्याचा अधिकार असावा लागतो. दाल्वेराच्या घटनेत बंदराची साखळी ही राजाची खासगी मालमत्ता होती. ती राजाच्या तोंडी शब्दावर वर चढायची आणि त्याच्याच शब्दावर खाली यायची. मंत्र्याला तिला हात लावायचाही अधिकार नव्हता."

"आणि खेद?"

"तो झाला असेल. माणसं किनाऱ्याला लागल्यावर होतो कधीकधी."

राजेसाहेबांनी अंड्याचं टरफल बशीच्या कडेला नीट रचून ठेवलं.

दाल्वेरा हे एड्रियाटिकच्या काठावरचं चिमुकलं राज्य. त्याच्या बंदराचं तोंड अरुंद, आणि त्या तोंडावर या काठापासून त्या काठापर्यंत एक लोखंडी साखळी. शांततेच्या काळात ती पाण्याखाली पडून असे. युद्धात रोज संध्याकाळी वर ओढली जाई. युद्धाच्या तिसऱ्या हिवाळ्यात, वादळात, 'फॉर्तुनाता' नावाचं जहाज त्या साखळीबाहेर येऊन उभं राहिलं. शेजारच्या व्यापलेल्या मुलखातून पळालेली कुटुंबं त्यावर होती. जहाजाने दिव्यांनी खुणा केल्या. साखळी उतरली नाही. सकाळी किनाऱ्यावर फळ्या होत्या, ट्रंका होत्या आणि माणसं होती. युद्ध संपल्यावर राजे व्हालेंतिन आपल्या घोड्यांसह स्वित्झर्लंडला आले. पंतप्रधान मारेत्तिच तुरुंगात गेले आणि तिथेच मेले.

यात मराठीचा संबंध असा की, हिंदुरावांचे आजोबा व्हालेंतिनच्या राज्यारोहणाला पाहुणे म्हणून गेले होते. दोघांची शिकारीवरून मैत्री जमली आणि टिकली. आजोबांच्या जन्मशताब्दीला त्यांच्या स्नेह्याचं आत्मचरित्र मराठीत आणावं, असं कुंभेरगडच्या ट्रस्टने ठरवलं. मी पुण्यात युरोपचा इतिहास शिकवत होते आणि मला फ्रेंच येत होतं, म्हणून ते काम माझ्याकडे आलं. मी ते घेतलं, कारण खोटं बोलणाऱ्या राजांची आत्मचरित्रं हा माझ्या अभ्यासाचा विषय होता, आणि हे मला त्यातलं सर्वांत सुबक वाटत होतं.

संस्थानं विलीन होऊन पंचवीस वर्षं झाली होती. तनखेही नुकतेच बंद झाले होते. हिंदुराव मात्र अजून 'आम्ही' म्हणत. गर्व म्हणून नव्हे. लहानपणापासून जिभेला दुसरं वळणच नव्हतं.

"तुमचं ते अडलेलं वाक्य कुठलं?" त्यांनी विचारलं.

"नवव्या प्रकरणातलं. 'त्या संध्याकाळी आम्ही असं मानलं की, साखळी वरच राहणं इष्ट.'"

"मग लिहा की 'आम्ही'. त्यात अडायचं काय?"

"कोणतं 'आम्ही', राजेसाहेब?"

"म्हणजे? किती असतात?"

"काल आपण म्हणालात, 'आम्ही चुकीच्या स्टेशनवर उतरलो.' तेव्हा सोबत मी होते, दोन ट्रंका होत्या आणि ट्रंका उतरवणारा हमाल होता. आज सकाळी म्हणालात, 'आम्हाला सर्दी झालीय.' शिंकणारं नाक एकच होतं."

ते इतके हसले की शेजारच्या टेबलावरच्या दोन इंग्रज बायकांनी वळून पाहिलं. "बाई, तुम्ही आमच्या आईसाहेबांसारख्या आहात. त्या म्हणायच्या, एकट्याने जेवतोस आणि भूक पलटणीची सांगतोस."

"फ्रेंचमध्येही तसंच आहे. राजा एकट्यासाठी 'नू' म्हणतो आणि चारचौघंही 'नू' म्हणतात. काही वाक्यांत शेवटच्या एका अक्षरावरून फरक कळतो. महाराजांनी नवव्या प्रकरणात एकही वाक्य तसं येऊ दिलेलं नाही. बाकीच्या पुस्तकात अशी वाक्यं पानोपानी आहेत."

हिंदुराव माझ्याकडे बघत राहिले. शिकारी घराण्यातल्या माणसाला माग दाखवावा लागत नाही.

"आज दुपारी विचारणार त्यांना?"

"विचारणार नाही," मी म्हणाले. "विचारलं की निवेदन मिळतं."

त्यानंतर मी येलेनाकडे गेले.

येलेना मारेत्तिच ही पंतप्रधानांची एकुलती एक मुलगी. लोझानच्या मुलींच्या शाळेत लॅटिन शिकवायची. संदर्भ शोधताना आमची ओळख झाली आणि मग ती माझी मैत्रीण झाली. तिच्या वडिलांवर खटला चालला तेव्हा ते शेवटपर्यंत गप्प राहिले. दाल्वेरात पंतप्रधानाला शपथ घ्यावी लागे की, राजाशी एकांतात झालेलं बोलणं तो कोणासमोर उच्चारणार नाही, न्यायासनासमोरही नाही. राजा पळाला, राज्य गेलं, शपथ घेणारा कोठडीत होता. तरी त्यांनी ती पाळली. फक्त शेवटच्या भेटीत, गजांतून, मुलीला म्हणाले, "मी विनवलं होतं."

मुलीचा शब्द कोण धरतं? तुरुंगाच्या मागच्या आवारात, नाव नसलेल्या दगडाखाली ते होते. येलेनाला त्यांना तिथून काढून टेकडीवर, आईशेजारी न्यायचं होतं. नव्या सरकारची समिती तिला सभ्यपणे सांगत होती, की चारशे माणसांच्या मारेकऱ्याला गावाच्या स्मशानात जागा देता येत नाही. मात्र राजा स्वतः काही वेगळं म्हणाला, तर विचार करू. राजा ऐंशी ओलांडलेला होता आणि त्याच्या हृदयाने दोनदा दगा दिला होता.

येलेना दारातच उभी होती. आत ये म्हणायचंही तिला सुचलं नाही.

"आज जाते आहेस?"

"दुपारी."

"तो नाही म्हणेल."

"हो. त्याला विचारलं तर."

"मग करणार काय तू?"

"व्याकरण."

ती चिडली. "मालिनी, माझा बाप त्या आवारात पडलाय. विनोद नको."

"मी विनोद करत नाहीये. तुझे वडील महाराजांबद्दल आणखी काय म्हणायचे? शपथेबाहेरचं काही?"

तिने विचार केला. "म्हणायचे, हा माणूस मार खाईल, पैसे हरेल, शिवीही गिळेल. पण फोटोत त्याच्या पुढे कोणी उभं राहिलं तर तो फोटो फाडेल."

"बस्स," मी म्हणाले. "एवढंच हवं होतं."

राजांचा बंगला द्राक्षमळ्यांच्या वर होता. दिवाणखान्यात दाल्वेराचा ध्वज काचेमागे टांगलेला. त्याखाली ब्लँकेट पांघरून व्हालेंतिन बसले होते, पायाशी एक म्हातारा कुत्रा. माणूस देखणा होता, हे नाकारण्यात अर्थ नाही. आवाज मऊ, हात निर्मळ. शेजारी बॅरन द लूका उभे होते, राजगृहाचे प्रमुख आणि त्या निवेदनाचे लेखक. त्यांना मी एकदाही बसलेलं पाहिलं नाही.

नावांचे उच्चार मराठीत बरोबर यावेत म्हणून मी टेपरेकॉर्डर आणला होता. तो ट्रस्टचा होता आणि राजेसाहेबांनी स्वतः उचलून आत आणला. बॅरनना ते रुचलं नाही. महाराजांना फारच रुचलं.

"चालू द्या, चालू द्या," ते म्हणाले. "हिंदुस्थानात आमचा आवाज आजवर गेलेला नाही."

फीत फिरू लागली. मी पहिल्या प्रकरणापासून सुरुवात केली. "महाराज, आमच्या भाषेची एक अडचण आहे. आपल्या प्रत्येक 'आम्ही'त कोण कोण आहे, ते मराठी वाचकाला कळायला हवं."

"अडचण कसली?" हिंदुराव त्यांच्या घोड्यांच्या शर्यतींत शिकलेल्या फ्रेंचमध्ये मध्येच म्हणाले. "महाराज, आमच्याकडेही राजा एकट्याला 'आम्ही' म्हणतो. मी म्हणतो. माझे आजोबा म्हणायचे. झोपेतसुद्धा!"

व्हालेंतिनचा चेहरा उजळला. "खरंच? कसं म्हणता? म्हणा बरं."

"आम्ही."

"आम्‌-ही," राजांनी उच्चारून पाहिलं. मग पुन्हा, जरा वरच्या पट्टीत. "आम्‌-ही! बॅरन, ऐकलंत? हिंदुस्थानात आमचं सर्वनाम आहे."

"अभिनंदन, महाराज," बॅरन म्हणाले.

"होतं," मी म्हणाले. "आजचा वाचक लोकशाहीत वाढलेला आहे. त्याला 'आम्ही' म्हटलं की गर्दी दिसते. म्हणून मी प्रत्येक ठिकाणी तळटीप दिली आहे. बरोबर आहेत का, एवढंच आपण ऐकावं."

मी वाचत गेले. 'आम्ही अस्वल मारलं': महाराज एकटे. 'आम्ही विवाहबद्ध झालो': महाराज आणि महाराणी. इथे हिंदुराव म्हणाले की, या बाबतीत तरी दोघं लागतातच, आणि राजे मनापासून हसले. 'आम्ही विद्यापीठ स्थापन केलं': मी लिहिलं होतं, महाराज, शिक्षणमंत्री आणि देणग्या देणारे व्यापारी. त्यांनी हात उंचावला. "व्यापारी खोडा. मंत्रीही खोडा. विद्यापीठ आम्ही स्थापन केलं."

"एकट्याने?"

"कल्पना एकाच डोक्यात येते, मादाम."

खोडलं. रुग्णालयातून दोन डॉक्टर खोडले. रेल्वेतून एक इंजिनिअर खोडला. दर खोडण्यासरशी राजे ताजेतवाने होत होते. कुत्राही उठून बसला होता. बॅरन मात्र पानांकडे बघत होते. पुढे काय येणार ते त्यांना दिसत होतं, पण राजा मजेत असताना त्याला थांबवायची रीत त्यांच्या दरबारात नव्हती.

"नववं प्रकरण," मी म्हणाले. "'त्या संध्याकाळी आम्ही असं मानलं की, साखळी वरच राहणं इष्ट.' इथे मला काहीच शंका नाही, महाराज. तळटीप राजगृहाच्या निवेदनावरून घेतली आहे. 'आम्ही: म्हणजे पंतप्रधान मारेत्तिच, अर्थमंत्री, बंदरमंत्री आणि महाराज.'"

"बिनचूक," बॅरन पटकन म्हणाले. "पुढे चला."

मी पान उलटायला घेतलं.

"थांबा." राजांचा आवाज अजून मऊच होता. "हा क्रम कोणी लावला?"

"मी, महाराज. निवेदनाप्रमाणे निर्णय मंत्र्यांचा, आपली फक्त संमती. ठरवणारे आधी आणि मान्य करणारे नंतर, अशी मराठीची रीत आहे." मराठीची अशी कोणतीही रीत नाही. हिंदुरावांनी माझ्याकडे पाहिलं आणि गंभीरपणे मान हलवली.

"म्हणजे आम्ही शेवटी."

"हो."

"मारेत्तिचच्या मागे."

"बंदरमंत्र्याच्याही," मी म्हणाले.

"मारेत्तिचचा आजा," व्हालेंतिन सावकाश म्हणाले, "आमच्या स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी खारवलेले मासे विकायचा. मागच्या दाराशी."

"महाराज थकले आहेत," बॅरन म्हणाले.

"महाराज थकलेले नाहीत. मादाम, खोडा ती नावं."

"विद्यापीठाची खोडली, कारण त्याबद्दल कुठे निवेदन नाही. इथे राजगृह स्वतःच सांगतं आहे, की आपण मारेत्तिचचं ऐकलंत."

"ऐकलं?"

"खेदपूर्वक," मी म्हणाले.

"महाराज, शब्दांचा खेळ आहे हा!" बॅरन चक्क दोन पावलं पुढे आले. "ही बाई आपल्याला—"

"तुम्ही गप्प बसा, द लूका. तुमचंच वाक्य आहे ना ते? तीस वर्षं आम्ही ते सहन केलं, कारण तुम्ही म्हणालात, याने नाव सांभाळलं जाईल. कुठल्या भाषेत सांभाळलं गेलं? आजपासून दहा कोटी हिंदुस्थानी वाचणार, की व्हालेंतिनने मासेविक्याच्या नातवाला विचारून बंदर बंद ठेवलं."

वाचकांची संख्या मी दुरुस्त केली नाही.

"मग तळटीप काय द्यावी, महाराज? 'आम्ही' तसंच ठेवलं तर मराठी वाचक गर्दीच समजेल. तो दोष भाषेचा आहे. मी काही करू शकत नाही. मराठीत माणूस एकटा असेल तर त्याला एकच शब्द आहे."

त्यांनी तो शब्द विचारला. मी सांगितला. फ्रेंचमध्ये तो शब्द राजांनी, माझ्या माहितीप्रमाणे, पुस्तकाच्या चारशे पानांत एकदाही वापरला नव्हता.

मग ते बोलले. फार बोलले नाहीत, आणि आवाज चढवूनही नाहीत. ज्या सुरात अस्वलाबद्दल बोलले होते, त्याच सुरात. बोलून झाल्यावर त्यांनी ब्लँकेट नीट केलं आणि दहाव्या प्रकरणात कोण कोण आहे ते विचारलं. त्यांच्या दृष्टीने एक चूक दुरुस्त झाली होती.

बॅरनच्या दृष्टीने नव्हती. दाराशी त्यांनी आमची वाट अडवली. "ती फीत इथे ठेवावी लागेल."

यंत्र हिंदुरावांच्या हातात होतं. त्यांनी ते एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं. "ही कुंभेरगड संस्थानाची मालमत्ता आहे, बॅरन."

"कुंभेरगड संस्थान आता अस्तित्वात नाही."

"दाल्वेराही नाही," राजेसाहेब म्हणाले. "यंत्र मात्र आहे. सरका."

बॅरन सरकले. मोटारीत बसल्यावर हिंदुराव मराठीत, अगदी हळू म्हणाले, "बाई, आमचे आजोबा, आबामहाराज, या माणसाला भाऊ म्हणायचे. घरी त्याचा फोटो आहे, देवघराबाहेर."

"ट्रस्टचं पुस्तक नको असेल, तर मी समजू शकते."

"पुस्तक हवंय," ते म्हणाले. "तळटिपेसकट. आधी ते यंत्र त्या मारेत्तिचच्या पोरीकडे घेऊन चला. तिने ऐकल्याशिवाय आम्हाला जेवण जायचं नाही."

येलेनाने ती फीत उभ्यानेच ऐकली. एकदाच. मग तिने यंत्राचं झाकण बंद केलं, त्यावर दोन्ही हात ठेवले आणि म्हणाली, "बाबांनी मला खरं तेच सांगितलं होतं." हिंदुराव उठून दुसऱ्या खोलीत गेले.

समितीने फीत मागवून घेतली, आवाज तपासला आणि आपला आधीचा निर्णय मागे घेतला. पुढच्या वसंतात पंतप्रधान दोस्यो मारेत्तिच दाल्वेराच्या टेकडीवर बायकोशेजारी आले. दगडावर येलेनाने नावाखेरीज काहीही कोरू दिलं नाही. राजगृहाने नवं निवेदन काढलं की, महाराजांचं बोलणं एका हिंदुस्थानी बाईने संदर्भ सोडून वापरलं आहे. संदर्भ सुटू नये म्हणून मी मराठी आवृत्तीच्या नवव्या प्रकरणाखाली ते बोलणं, एकही शब्द न गाळता, छापलं. ते असं:

"साखळी माझी होती. मंत्रिमंडळ नव्हतंच, खोलीत मी होतो आणि मारेत्तिच होता. तो गुडघ्यांवर बसून रडत होता, उतरवा म्हणत होता, जहाजावर मुलं आहेत म्हणत होता. मी नाही म्हणालो. त्याने तीनदा मागितलं आणि मी तीनदा नाही म्हणालो. माझ्याकडून काही ठरवून घेण्याइतका मोठा तो माणूस कधीच नव्हता. तिथे 'मी' लिहा."